पट्टी, पत्ता आणि सदसद्विवेक

बेलवलीत राहावयास येऊन आम्हांला आता दोन वर्षे होत आली. सीमाभागातील आमचे जुने गाव सोडून, नोकरीच्या निमित्ताने आणि वृद्ध आईच्या औषधोपचारांच्या सोयीसाठी, आम्ही बदलापूर पश्चिमेच्या या भागात घर केले. सामानाचा ट्रक आला आणि त्याच्या मागोमाग आमची चार वर्षांची जुनी मोटारगाडीही आली. भांडी फडताळात गेली, येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर भिंतीवर लागली, मुलांची नावे शाळेत दाखल झाली. हळूहळू सारे काही या गावचे झाले. गाडी तेवढी परगावची राहिली. तिच्या पाटीवर दुसऱ्या राज्याची अक्षरे होती.

पहिले काही महिने त्याचे आम्हांला काही वाटले नाही. मग एके दिवशी शेजाऱ्यांनी सहज विचारले, "नंबर अजून बदलला नाही का? वर्षाच्या आत बदलावा लागतो म्हणे." आम्ही चौकशी केली. खिडकीवरील कारकुनाने अत्यंत सौजन्याने सारे समजावून सांगितले, कागदांची यादी लिहून दिली, आणि अखेरीस कराचा जो आकडा सांगितला तो आमच्या महिन्याच्या पगाराहून मोठा होता. घरी परत येताना आम्ही गाडीत एकमेकांशी बोललो नाही. ज्या गाडीचा कर एकदा भरला, तोही पंधरा वर्षांचा, तिचाच कर पुन्हा भरावयाचा? आम्ही देश सोडून तर गेलो नव्हतो!

या रागाची दुसरी बाजू पाहण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते पाहणे उचित होईल; कारण आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांना नोकरीसाठी गाव बदलावे लागते आणि हा प्रसंग कोणावरही येऊ शकतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ४७व्या कलमानुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास तेथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी प्रथम जुन्या राज्याकडून ना हरकत प्रमाणपत्र मिळवावे लागते. गाडी चोरीची नाही, गुन्ह्यात गुंतलेली नाही, कोणताही दंड थकलेला नाही, कर्ज असल्यास बँकेची संमती आहे, हे सारे सिद्ध करावे लागते. अर्जावर गाडीच्या चॅसी नंबरचा पेन्सिलीने घासून घेतलेला ठसा लागतो. त्यानंतर नव्या राज्यात अर्ज, गाडीची तपासणी, नवा कर, नवी पाटी. आणि हे सारे झाल्यावर, नवी नोंदणी झाल्याचा पुरावा जोडून, जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराच्या परताव्यासाठी अर्ज.

म्हणजे कर दोनदा घ्यावा असा कायद्याचा हेतू नाही. महाराष्ट्रातून गाडी बाहेर गेली तर महाराष्ट्राच्या कायद्यातही परताव्याची तरतूद आहे. तक्रार आहे ती क्रमाविषयी. आधी भरा, मग मागा. दोन राज्यांच्या तिजोऱ्यांमध्ये जो हिशेब व्हावयास हवा, तो हिशेब पाठीवर घेऊन सामान्य नागरिकाने एका गावाहून दुसऱ्या गावी चालावयाचे. आणि तोवर दोन्हीकडचे पैसे त्याच्याच खिशातून गेलेले असावयाचे. ज्याच्यापाशी शिल्लक आहे त्याला हे नुसते गैरसोयीचे. ज्याच्यापाशी नाही त्याला हे कर्जाचे कारण.

सीमाभागातील माणसाला यात आणखी एक बोच असते. बेळगाव, निपाणी, कारवार हा सारा मुलूख पूर्वी मुंबई राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि तो म्हैसूर राज्यात गेला. आमचे आजोबा ज्या घरात रात्री निजले त्याच घरात सकाळी उठले. तरीही त्यांचे राज्य बदलले होते. त्यांच्या सायकलीला नगरपालिकेचा पत्र्याचा बिल्ला असे. दरवर्षी थोडके पैसे भरून तो नवा घ्यावा लागे. राज्य बदलले तरी बिल्ला त्याच नगरपालिकेचा राहिला, कारण सायकल त्याच रस्त्यावर चालत होती. त्या बिल्ल्याची आठवण पुढे आमच्या उपयोगी पडली.

अकरावा महिना लागला तेव्हा आम्ही गावी काकांना फोन केला. ते आपल्या नेहमीच्या मोकळेपणाने म्हणाले, "अरे, घर काय कुठे पळून जातंय? पत्ता इथलाच राहू दे. सणाला येताच ना वर्षातून एकदा? गाडी इथं आणायची, चार दिवस ठेवायची, परत न्यायची. कोण बघतंय?" काकांच्या या बोलण्यात कपट नव्हते, पुतण्याविषयीची माया होती. आम्हांलाही तो सल्ला मनापासून आवडला. आपण कोणाचे चोरत नाही, एकदा दिलेले पुन्हा देण्याचे तेवढे टाळत आहोत, अशी आम्ही मनाची समजूत घातली.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आमच्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी आले. एक होता येथील मतदारयादीत नाव घालण्याचा अर्ज; त्यात आम्ही बेलवलीचे रहिवासी आहोत असे प्रतिज्ञेवर लिहावयाचे होते. दुसरा होता गाडीच्या विम्याचा. त्यात पत्ता जुन्या गावचा ठेवून, गाडी तेथेच असते असे दाखवावयाचे होते. दोन्ही कागदांवर सही एकाच पेनने होणार होती. घरातील आम्ही दोघे ते कागद पाहत राहिलो. मतदानासाठी, शाळेसाठी, पाण्याच्या जोडणीसाठी आम्ही येथले. आणि कर देण्याची वेळ आली की तेथले! त्या रात्री दोन्ही कागद तसेच राहिले.

करविषयक कायदा मोडणे हे पाप आहे काय, हा प्रश्न ख्रिस्तसभेच्या इतिहासात जुनाच आहे. पूर्वीच्या नीतिशास्त्रज्ञांपैकी काहींचे असे मत होते की काही कायदे केवळ दंडापुरतेच बांधतात. म्हणजे असा कायदा मोडणारा सापडला तर त्याने दंड निमूटपणे भरावा, परंतु त्याच्या आत्म्यावर पापाचा भार येत नाही. अनेकांनी जकात आणि कर यांचे कायदे याच वर्गात घातले. हे मत सोयीचे आहे, आणि सोयीची मते दीर्घायुषी असतात. तथापि दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली 'आधुनिक जगातील ख्रिस्तसभा' या दस्तऐवजात न्याय्य कर लबाडीने चुकविणाऱ्यांच्या वृत्तीवर स्पष्ट ठपका ठेवला; आणि १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक श्रद्धाग्रंथाच्या २२४० व्या परिच्छेदात कर भरणे हे नैतिक कर्तव्य म्हणून सांगितले आहे.

परंतु विश्वपरिषदेने 'न्याय्य' हा शब्द योजला आहे, आणि आमची सारी तक्रार त्या एका शब्दापाशीच होती. हा कर न्याय्य आहे काय? संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचे जे विवेचन केले ते आजही मार्गदर्शक ठरावे. ते म्हणतात की कायद्याचा हेतू लोककल्याणाचा असला तरी त्याचे ओझे लोकांवर विषम प्रमाणात टाकले गेल्यास तो कायदा अन्यायाचा होतो. आणि असा कायदा सदसद्विवेकबुद्धीला बांधत नाही. मात्र लगेच ते एक अपवाद जोडतात: इतरांना अडखळण होऊ नये किंवा समाजात गोंधळ माजू नये म्हणून माणसाने आपला हक्कही सोडावा.

ही कसोटी आम्ही आमच्या प्रकरणाला लावून पाहिली. कर आहे तो कशासाठी? सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली राजस्थानातील वाहनकराच्या एका खटल्यात असे मत मांडले होते की असा कर म्हणजे रस्त्यांच्या वापराचा मोबदला आहे, म्हणून तो व्यापाराच्या स्वातंत्र्याआड येत नाही. पुढे २०१६ साली नऊ न्यायाधीशांच्या पीठाने 'मोबदल्याचा कर' हा सिद्धांत कायद्याच्या दृष्टीने बाजूला ठेवला. न्यायालयात तो आता चालणार नाही. तथापि सामान्य माणसाच्या न्यायबुद्धीला तो अजूनही पटतो. चाके ज्या रस्त्यावर झिजतात आणि ज्या रस्त्याला झिजवितात, त्या रस्त्याचे देणे त्या गाडीच्या मालकाकडे लागते. आजोबांच्या सायकलीचा बिल्ला याच न्यायाने होता.

या न्यायाने पाहिले तेव्हा आमच्या रागाचा एक मोठा भाग निराधार ठरला. आम्ही गेले वर्षभर बदलापूर ते कल्याण, बदलापूर ते कर्जत गाडी चालवीत होतो. पावसाळ्यात त्या रस्त्यांवर जे खड्डे पडले त्यांना आमच्याही चाकांचा हातभार होता, आणि त्या खड्ड्यांविषयी सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्यांत आम्हीच होतो. ज्या रस्त्याला आम्ही एक पैसा दिला नव्हता त्याच्या डागडुजीची मागणी मात्र आम्ही हक्काने करीत होतो. महाराष्ट्रात दहा लाख रुपयांपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाडीला अकरा टक्के कर आहे. आठ लाखांच्या गाडीवर तो ८८,००० रुपये होतो. एकदम ऐकले की छातीत धडकी भरते. परंतु पंधरा वर्षांवर तो पसरला तर महिन्याला पाचशे रुपयांच्या आत येतो. जुन्या गाडीला तिच्या वयाप्रमाणे आणखी कमी. रस्त्याचे भाडे म्हणून ही रक्कम अवाजवी आहे असे आम्हांला प्रामाणिकपणे म्हणता येईना.

मग अन्याय उरला तो कोठे? तो उरला पंधरा वर्षांचे एकदम घेण्यात, आणि माणूस निघाला असता उरलेले त्याच्याबरोबर न पाठविण्यात. बिल्ला वर्षाचा असे. गाव सोडले तर फार तर काही महिन्यांचे नुकसान. एकरकमी कराने दरवर्षीचा हेलपाटा वाचविला हे खरे. परंतु जो आयुष्यभर एकाच गावी राहील त्यालाच तो सोयीचा, आणि पोटासाठी ज्याला हिंडावे लागते त्याला जड. अक्वायनस ज्याला विषम ओझे म्हणतात ते हेच होय.

येथे कोणी म्हणेल: अन्याय आहे हे तुम्हीच मान्य केलेत, मग काकांचा सल्ला का मानला नाही? त्याचे उत्तर असे की अन्यायाच्या ओझ्याला नकार देणे ही एक गोष्ट आणि खोटे बोलणे ही दुसरी. कायदा सदसद्विवेकाला बांधत नसेल, पण आठवी आज्ञा बांधतेच. नकार देणारा माणूस उघडपणे उभा राहतो, आपले नाव सांगतो आणि परिणाम भोगावयास तयार असतो. खोटा पत्ता लिहिणारा माणूस मात्र नाहीसा होतो. तो जेथे आहे तेथे सापडत नाही आणि जेथे सापडावयाचा तेथे नसतो.

शिवाय हे खोटे कोणाला एकट्याने बोलता येत नाही. त्याला दुसऱ्याचे घर लागते. २०१७ साली केरळातील काही धनिक आणि प्रसिद्ध मंडळींनी पुदुच्चेरीत खोट्या पत्त्यांवर महागड्या गाड्या नोंदविल्याचे आरोप झाले, तेव्हा चौकशी ज्या पत्त्यांपर्यंत गेली ती घरे दुसऱ्यांचीच होती. आमच्या बाबतीत ते घर काकांचे असते. उद्या आमच्या गाडीखाली कोणी आले असते, तर पोलीस प्रथम त्या सत्तर वर्षांच्या माणसाच्या दारी गेले असते. जखमी माणसाचे नातेवाईक आम्हांला शोधत तेथे गेले असते आणि तेथे गाडीही नसती, आम्हीही नसतो. गाडीचा नंबर हा केवळ सरकारचा हिशेब नाही. तो रस्त्यावरील अनोळखी माणसाला आपण दिलेला शब्द आहे की माझ्या हातून तुझे काही बरेवाईट झाले तर मी अमुक ठिकाणी सापडेन. तो शब्द खोटा ठरविण्याचा अधिकार कराच्या अन्यायाने आम्हांला मिळत नव्हता.

कराच्या संदर्भात आपल्याला नेहमी कैसराच्या नाण्याचा प्रसंग आठवतो. आम्हांला मात्र त्या दिवसांत दुसऱ्याच नाण्याने धीर दिला. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात कफर्णहूम येथे मंदिरपट्टी घेणारे पेत्राकडे येतात आणि तुमचा गुरू पट्टी भरीत नाही काय, असे विचारतात. घरात गेल्यावर येशू पेत्राला विचारतो की राजे पट्टी कोणाकडून घेतात, आपल्या पुत्रांकडून की परक्यांकडून? परक्यांकडून, असे पेत्र म्हणतो. म्हणजे पुत्र मोकळे आहेत. आणि तरीही, त्या लोकांना अडखळण होऊ नये म्हणून, येशू पेत्राला समुद्रावर पाठवितो. पहिल्या माशाच्या तोंडात जे नाणे सापडते त्याने दोघांचीही पट्टी भरली जाते. हा प्रसंग चार शुभवर्तमानांपैकी केवळ मत्तयाने नोंदविला आहे, आणि मत्तय स्वतः जकातदार होता!

आमच्या मनातला सल येशूने जणू नेमका बोलून दाखविला होता: आपल्याच देशात आम्ही पुत्र की परके? ख्रिस्त हा प्रश्न दडपीत नाही. हक्क काय आहे ते तो आधी स्पष्ट उच्चारतो आणि मगच तो सोडतो. देणाराला आपण मोकळे आहोत हे ठाऊक असेल तर ते देणे लाचारीचे राहत नाही. आणि ते नाणेही आकाशातून पडले नाही. पेत्राला गळ घेऊन आपल्याच जुन्या धंद्यावर जावे लागले.

आम्हीही आमचा गळ टाकला. खिडक्यांच्या ग्रिलसाठी बाजूला ठेवलेले पैसे काढले आणि कर भरला. जुन्या राज्याकडे परताव्याचा अर्ज केला आहे. त्याचा निर्णय यथावकाश होईल. 'लवकर काम करून देतो' म्हणणारा एक दलाल भेटला होता. जकातदारांना नेमून दिल्यापेक्षा अधिक घेऊ नका असे बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाने बजावले होते. अधिक देऊ करणाऱ्यालाही तो उपदेश लागू आहे असे समजून आम्ही रांगेत उभे राहिलो.

तथापि कर भरला म्हणजे आपले कर्तव्य संपले असे आम्ही मानीत नाही. ज्याने भरला आहे त्याला बोलण्याचा अधिक अधिकार आहे. एके काळी मुंबईच्या वेशीवर दहिसर आणि मुलुंड येथे मालाचे ट्रक जकातीसाठी तासन् तास उभे असत. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला आणि ते नाके बंद झाले. आज एका राज्यातून दुसऱ्या राज्यात सिमेंटची गोणी गेली तर त्यावरील कर केंद्राकडे जमा होतो आणि जेथे माल वापरला जातो त्या राज्याचा वाटा त्याला पोहोचविला जातो. गोणीने स्वतः परताव्याचा अर्ज करावा असे कोणी म्हणत नाही. गाड्यांची नोंद आता 'वाहन' नावाच्या देशव्यापी संगणकीय प्रणालीत असते. मग जे सिमेंटच्या गोणीसाठी जमले ते एका कुटुंबाच्या गाडीसाठी का जमू नये?

वाट मुळीच निघालेली नाही असेही नाही. १५ सप्टेंबर २०२१ पासून 'बीएच' म्हणजे भारत मालिकेची नोंदणी सुरू झाली. तिच्यात कर दोन-दोन वर्षांचा भरावयाचा आणि राज्य बदलले तरी नंबर तोच राहतो. आजोबांचा बिल्लाच जणू नव्या रूपात परत आला! परंतु तो मिळतो संरक्षण दलांतील लोकांना, केंद्र व राज्य सरकारच्या आणि सार्वजनिक उपक्रमांच्या कर्मचाऱ्यांना, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांच्या नोकरांना. एका लहानशा इस्पितळातील परिचारिका, एकाच शाळेचा शिक्षक, स्वतःचे दुकान चालविणारा, कंत्राटावर काम करणारा वेल्डर यांना तो मिळत नाही. ज्यांच्या बदलीची व्यवस्था मालक करतो त्यांना सवलत, आणि ज्यांना परिस्थितीच बदली देते त्यांना रांग, हा भेद दूर व्हावा अशी मागणी आपण आपल्या लोकप्रतिनिधींपाशी करावयास हवी. धर्मग्रामातील जाणत्यांनी नव्याने आलेल्या कुटुंबांना एवढे जरी आवर्जून सांगितले, की जुने गाव सोडण्यापूर्वीच ना हरकत प्रमाणपत्र घ्या, कराची मूळ पावती आणि गाडीचे बिल जपून ठेवा, थकलेले दंड फेडा, तरी पुष्कळांचा मनस्ताप वाचेल आणि खोट्या पत्त्याच्या मोहातूनही ते वाचतील.

गेल्या सणाला आम्ही गावी गेलो. गाडी अंगणात लागली तेव्हा काका बाहेर आले आणि नवी पाटी न्याहाळीत उभे राहिले. "म्हणजे आता तुम्ही पाहुणे झालात म्हणायचे," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात थोडे वाईट वाटणे होते, आणि ते आम्हांलाही लागले. आम्ही म्हणालो, "गाडी पाहुणी झाली काका, आम्ही नाही." ते हसले आणि सामान उतरविण्यास पुढे झाले.